मुकी बॅट

वर्ध्याच्या उन्हाळ्यात टेबल टेनिस खेळायला वेडच लागतं. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या घरात, आणि आत पंखा लावायची सोय नाही; वाऱ्यानं चेंडू भरकटतो. "पंखा बंद कर ना बे!" ही आरोळी आमच्या हॉलमध्ये स्कोअरपेक्षा जास्त ऐकू यायची. मग उरायचा फक्त चेंडूचा आवाज. हा खेळ मी आधी कानांनी शिकलो.

पहिली बॅट काकांची. लाकडावर दाणेदार रबर, मध्ये स्पंज नाही. फटका बसला की खणखणीत टक्‌! काका बार्नाचे भक्त. बुडापेस्टचा व्हिक्टर बार्ना 1930 ते 1935 या काळात पाच वेळा एकेरीचा जगज्जेता झाला, तो असल्याच बॅटवर. पुढं मोटार अपघातात उजवा हात जायबंदी झाला, तरी 1939 मध्ये त्यानं दुहेरीचं जगज्जेतेपद मिळवलंच. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतला पुरुषांचा सांघिक चषक बार्ना आणि त्याचा सहकारी बेलाक यांच्याच नावाचा, हे काका दर वेळी ऐकवत.

ती टकटक मुकी झाली मुंबईत. 1952 च्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. चेंडू कधी लागला, किती जोरात लागला, समोरच्याला कळेना. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला. सांघिक कप हंगेरीनं नेला, तरी काकांच्या लेखी सातो कायमचा चोर ठरला.

माझ्या हाती स्पंजची बॅट आली आणि मी काही दिवस पार गोंधळलो. हळूहळू नजर समोरच्याच्या मनगटावर ठरू लागली. त्याच काळात, 1975 मध्ये कलकत्त्यात, हंगेरीचाच इश्तवान योन्येर अंतिम सामन्यात पहिले दोन गेम गमावूनही जगज्जेता झाला. त्याचं हत्यार होतं टॉपस्पिन, स्पंजच्याच जोरावर फोफावलेलं. ज्या बॅटनं हरवलं, तीच हंगेरीनं आपलीशी केली होती. 1979 मध्ये योन्येर, गेर्गेय आणि क्लाम्पार यांनी चीनला हरवून सांघिक विजेतेपदही परत आणलं.

त्या दशकात भारताचं कर्णधारपद नीरज बजाज यांनी भूषवलं. ते मुंबईचे, पण वर्ध्याच्या जमनालालजी बजाजांचे नातू, म्हणून आम्ही त्यांना परस्पर वर्धेकर करून टाकलं होतं.

नंतर चेंडू 38 चा 40 मिलिमीटर झाला, गेम 21 वरून 11 वर आला, सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं. दर वेळी आवाज बदलला, आणि दर वेळी कुणीतरी म्हणालं, आता खेळात राम राहिला नाही. मीही म्हणालो असतो. पण कोत्सियान ते योन्येर हा तेवीस वर्षांचा प्रवास आठवतो, आणि काकांवर माया असूनही या एका बाबतीत मी हंगेरीच्या बाजूनं उभा राहतो.