उर्दू शाळेतली मराठी

मोताळ्यातल्या आमच्या पहिली-दुसरीच्या मुलांना पहिली अडचण येते ती स्वतःच्या गावाच्या नावाची. उर्दू लिपीत ‘ळ’ला वेगळे अक्षर नाही. तिथे लामवर काम भागवावे लागते आणि गाव ‘मोताला’ होते. एसटीच्या पाटीवर मात्र ‘मोताळा’ असते. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही मराठीची सुरुवात कमळाच्या ‘क’पासून करत नाही, गावाच्या ‘ळ’पासून करतो. डाळ, केळी, गूळ, तीळ हे घरातलेच जिन्नस पुढ्यात असतात. मग काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ अशा जोड्या. एकाने बोलायचे, दुसऱ्याने चित्र उचलायचे. चुकीचे चित्र उचलले की मुले हसतात आणि पुन्हा म्हणून पाहतात. जीभ अशीच वळते. पन्नास वेळा ‘ळ’ गिरवून वळत नाही.

हे सगळे कशासाठी, असे पालक विचारतात. उर्दू वर्ग जिथे संपतात, तिथे आपल्या अनेक मुलींची शाळाही संपते, हे आपल्या वस्त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंतर, खर्च, सोबत ही कारणे आहेतच. पण ‘मराठी शाळेत हिला जमणार नाही’ हे वाक्य अम्मी-अब्बांच्या तोंडून आधी येते आणि त्याला उत्तर द्यायचे काम आमचे आहे. तलाठी भरती असो की पोलीस भरती, मराठीचे प्रश्न सोडवावेच लागतात. 2020 साली राज्याने शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला आणि 2020-21 पासून पहिली व सहावीपासून टप्प्याटप्प्याने तो लागू झाला. सक्ती झाली म्हणून भाषा येते असे नाही. ती कशी आणायची, हे शेवटी वर्गातच ठरते.

आमच्या वर्गात भिंतीला एक लांब कागद लावलेला असतो. त्यावर दोन रकाने, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. मुलांनी घरून, दुकानातून, दवाखान्यातून मराठी छापलेले काहीही आणायचे. साबणाचे वेष्टन, बियाण्याची पिशवी, एसटीचे तिकीट, कोरा अर्ज. त्यातला ओळखीचा शब्द शोधायचा आणि भिंतीवर चढवायचा. पहिल्याच आठवड्यात मुलांच्या लक्षात येते की मराठी अर्धीअधिक त्यांच्या घरातलीच आहे. कागज म्हणजे कागद, कुर्सी म्हणजे खुर्ची, हाजिरी म्हणजे हजेरी, कीमत म्हणजे किंमत, सिफारिश म्हणजे शिफारस. तारीख, वारस, हक्क, मुदत, मंजूर हे तर जसेच्या तसे. ज्यांना यात खोल जायचे असेल त्यांनी माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांचा 1925 सालचा ‘फार्शी-मराठी कोश’ पाहावा. श्रीपाद जोशी यांचा उर्दू-मराठी शब्दकोशही प्रत्येक उर्दू शाळेच्या कपाटात असायला हवा. कपाट मात्र उघडे हवे, नाहीतर कोश असून नसल्यासारखा.

सर्वांत रंगलेला तास खरीप-रब्बीचा होतो. आमच्याकडे घरोघरी सोयाबीन, कापूस, मका, हरभरा यांचीच बोलणी. ‘रब्बी’ शब्द भिंतीवर आला की आम्ही विचारतो, हा शब्द अजून कुठे ऐकलात? थोडा वेळ शांतता. मग कोणीतरी ओरडते, ‘रबीउल अव्वल!’ अरबीत रबी म्हणजे वसंत आणि खरीफ म्हणजे शरद. वसंतात हाती येणारे पीक रब्बीचे, शरदात येणारे खरिपाचे. वावरातला शब्द आणि मीलादुन्नबीच्या महिन्याचे नाव एकाच मुळाचे निघाले, की मराठी परकी आहे हे मुलांना पटवणे कोणालाही अवघड जाईल.

ओळखीचे शब्द फसवतातही. तिथे आम्ही मुद्दाम रेंगाळतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. उर्दूतला राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंची तडजोड, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, आमची मुले मराठी दफ्तर पाठीवर घेऊन येतात. ‘वही खाली ठेव’ म्हटले की नवा मुलगा वहीत काही न लिहिता बसून राहतो. त्याच्या कानाने ‘खाली’ म्हणजे कोरी असेच ऐकलेले असते. ‘फाजील’वर मुले सर्वांत जास्त चकित होतात. मदरशातून फाजील होणे ही मोठी इज्जत आणि मराठीत फाजील आत्मविश्वास ही बोलणी. मूळ एकच, गरजेपेक्षा जास्त असणे. जास्त कशाचे, इल्मचे की घमेंडीचे, एवढाच फरक.

घरच्या बोलीला वर्गात बंदी घालू नये, असे आमचे ठाम मत आहे. काही शिक्षकांना ‘अपन’, ‘ऐसाच’, ‘नक्को’ ऐकले की राग येतो; ही ना धड उर्दू ना मराठी, असे ते म्हणतात. पण ‘नक्को’ आणि शब्दाला चिकटणारा ‘च’ दखनीने मराठीकडूनच घेतले आहेत. आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतला भेद शिकवताना हीच बोली कामाला येते. पुस्तकी उर्दूत दोन्हींना ‘हम’. मुले म्हणतात, ‘सर, आम्ही खेळू या’, आणि सर बाजूला राहतात. अशा वेळी आम्ही विचारतो, घरी काय म्हणता? ‘अपन खेलेंगे.’ मग ते अपन म्हणजे मराठीतले आपण. पुन्हा सांगावे लागत नाही. उर्दूतल्या ‘आप’मुळे ‘आपण’ हे आदराचे ‘तुम्ही’ही होते, ही गाठ चौथी-पाचवीत सोडवतो.

अडते ते नपुंसकलिंगापाशी. उर्दूत दोनच लिंगे. किताब ती, पण पुस्तक ते. मकान तो, पण घर ते. हे कोणत्या कागदावर लिहून समजावणार? ‘घर मोठा आहे’ हे सातवीतही कानावर येते. सध्या आम्ही लहान जीवांपासून सुरुवात करतो. वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू, सगळी ‘ते’. ज्यांच्या घरी बकऱ्या आहेत त्यांना करडू लगेच कळते. ‘ते करडू’ पक्के होत आले असतानाच एका मुलाने विचारले, ‘सर, ते करडू बकरी ईदपर्यंत मोठं झालं की तो बोकड का होतो?’ वर्ग हसला. तो मुलगा हसत नव्हता. त्याला उत्तर हवे होते.