बाय बोलायला लागली

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो आणि पहिलंच गाव येतं ते आमचं कोन. सगळे त्याला कोनगाव म्हणतात. गावाला लागूनच कल्याण-भिवंडी रस्ता. त्यावर रात्रंदिवस ट्रक, कंटेनर आणि शेअर रिक्षा. मी भिवंडीकडच्या एका गोदामात दुसऱ्या पाळीला असतो. बायको सकाळी लवकर रिक्षाने कल्याण स्टेशन गाठते आणि तिथून लोकल धरते. आई घरात असते, पण तिचे गुडघे दुखतात. त्यामुळे उठल्यापासून दुपारपर्यंत मुलीच्या मागे पळण्याचं काम माझ्याकडे आहे. मुलगी आता अडीच वर्षांची. आई तिला ‘बाय’ म्हणते, म्हणून आम्हीही बायच म्हणतो. आपल्याला लाडाने बाय म्हणतात, तर आपणही लाडाने इतरांना तेच म्हणायचं, असं तिने ठरवून टाकलं. मग मी बाय, आजी बाय, दूधवाला बाय आणि दारातली मांजरही बाय.

सकाळ-दुपार माझ्याबरोबर गेल्याचा एक परिणाम मला उशिरा कळला. बाय ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी पडलो’ असंच बोलायची. दिवसभर कानावर माझंच बोलणं, तेव्हा दुसरं काय होणार? कपाळाला टिकली, पायात वाजणारे पैंजण आणि दारातून ऐटीत घोषणा, “मी आलो!” आई हसून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “तुजा बापूस आयला गो बाय!” बायको म्हणाली, दुरुस्त करू या. मी म्हटलं, राहू दे. तिने कान उघडे ठेवून जे ऐकलं तेच उचललं आहे, त्यात चूक कसली?

हेच ‘टाटा’चं. ट्रक दिसला की आम्ही मोठी माणसं तिला ‘टाटा कर’ म्हणायचो. तिच्या लेखी त्या वाहनाचं नावच टाटा झालं. मोठा टाटा, छोटा टाटा, निळा टाटा. आमच्याकडच्या रस्त्यावर बऱ्याच ट्रकवर टाटा लिहिलेलंही असतं, त्यामुळे तिला चूक म्हणायला आमच्याकडे तोंड नव्हतं. एकदा संध्याकाळी, माझ्या सुटीच्या दिवशी, आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. तिने एका ट्रकवाल्याला हात हलवला. त्यानेही हसून हलवला. पण पुढे कोंडी होती, ट्रक जागचा हलेना. तिने पुन्हा हात हलवला, त्याने पुन्हा हलवला. निरोप दिला की माणसाने जायचं असतं, हे तिला पक्कं माहीत. बराच वेळ असं चाललं. शेवटी तिचा हात दुखला, कपाळाला आठ्या पडल्या आणि ती ओरडली, “जा ना!” ट्रकवाल्याने दोन्ही हात जोडले आणि पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं. कोनगावच्या कोंडीवर इतकी थेट तक्रार मी अजून ऐकलेली नाही.

आमच्या गल्लीच्या मागे मागांचा कारखाना आहे. त्या खटखटीची आम्हाला इतकी सवय की ती ऐकूच येत नाही. बायला मात्र ती थांबलेली ऐकू येते. वीज गेली की सगळे माग एकदम गप्प होतात. अशा वेळी ती ओठांवर बोट ठेवते आणि आम्हाला दटावते, “झोपलं.” मग घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. वीज आली, माग सुरू झाले की टाळ्या वाजवून, “उठलं!” गोंगाट थांबला म्हणजे झोपलं, हा नियम तिने स्वतःवरूनच काढलेला आहे आणि आमच्या घरापुरता तो शंभर टक्के खरा आहे.

कोळीण सुक्या मच्छीची पाटी घेऊन येते तेव्हा आई दारात बसून भाव करते. मध्ये बाय. एकदा तिने पाटीतला एक सुका बोंबील उचलला, कानाला लावला आणि “हॅलो, आई, कुठे?” असं विचारलं. थोडं थांबली, मान हलवली आणि बोंबील माझ्या हातात दिला, “बोल.” मी बोललो. काय करणार? समोरची कोळीण, आई, शेजारीण, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या दिवशी भाव थोडा उतरला, असं आईचं म्हणणं.

अंगणवाडीत महिन्याला वजन करायला नेतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलांचं वजन, उंची आणि घरी न्यायचा आहार, एवढ्यापुरती आमची सध्या तिथे हजेरी. बायला काट्यावरून उतरायचं नसतं. सेविकाताईंनी आकडा लिहिला की ती म्हणते, “आता बाबा.” मी नाही म्हटलं की बाहुली. बाहुलीचंही वजन ताईंनी एकदा गंभीर चेहऱ्याने सांगितलं, तेव्हापासून बाहुली रोज जास्त जेवते.

सध्या सगळं ‘माझं’ आहे. वाटी माझी, आजीची काठी माझी. शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा केला. आमच्या बाईंनी तो पुलावरून, मोटरसायकलच्या टाकीवर बसून, नुसतं बोट दाखवून घेतला: “माझं घल.”

यातलं एकही ती विनोद म्हणून करत नाही. हाताशी जेवढं आहे तेवढ्यावरून ती अगदी नेटका हिशेब मांडते. हसू आपल्याला येतं. जसजशी नवी माहिती मिळते तसतसे तिचे जुने हिशेब ती खोडते, आणि खोडल्याचं कोणाला सांगत नाही. दिवाळीनंतर केव्हातरी ‘मी आलो’चं ‘मी आले’ झालं. नेमकं कधी, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मोबाईलचा भरवसा नाही, कारण मोबाईल समोर धरला की बाय करत असलेलं थांबवते आणि “दाखव” म्हणत धावत येते. व्हिडिओत राहतो तो फक्त तिचा जवळ येणारा हात.

म्हणून आम्ही कालनिर्णयवर लिहायला लागलो. दुधाचा हिशेब त्या चौकटींत असतोच, गॅस कधी लावला तेही असतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘बोंबलाचा फोन’, ‘ट्रकवर रागावली’. पाळीवरून रात्री आलो की मी आधी ती चौकट बघतो. माझ्या मागे काय घडलं ते आई बायकोला सांगते आणि बायको लिहिते. वर्षं सरली की ही पोरगी स्वतः विचारेल, मी लहानपणी कशी होते? इतक्या लहान वयातलं कोणालाच आठवत नाही, तिलाही आठवणार नाही. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर आज रात्री दुधाच्या आकड्याखाली एक ओळ लिहा, आणि नवं कालनिर्णय आलं म्हणून जुनं रद्दीत घालू नका.