थांबायचं की मारायचं

'बॅटल चेझर्स' हे कॉमिक १९९८ साली अमेरिकेत सुरू झालं आणि २००१ मध्ये, नवव्या अंकावर, गोष्ट अर्धवट ठेवून थांबलं. चित्रकार जो मदुरेरा व्हिडिओ गेम बनवायला निघून गेला. दहावा अंक थेट २०२३ मध्ये आला! मधल्या काळात, २०१७ ला, त्याच्याच स्टुडिओने या कॉमिकवरून 'बॅटल चेझर्स: नाइटवॉर' हा गेम काढला. दोन वर्षांनी तो मोबाइलवर आला.

मी तो रिसोडमध्ये बसून खेळलो. गली नावाची छोटी पोरगी (गल्ली नाही, गली) हरवलेल्या बापाला शोधतेय. बापाचे जादूचे हातमोजे तेवढे तिच्याकडे आहेत. सोबत म्हातारा जादूगार, तलवारबाज, एक यंत्रमानव.

लढाई आळीपाळीने चालते. तुम्ही ठरवेपर्यंत समोरचा राक्षस गुमान उभा. फ्री फायरवाले माझे मित्र दहा मिनिटांत कंटाळले. मला मात्र तिथला हिशेब आवडला. मोठ्या वाराला माना लागते आणि ती लढाई संपली म्हणून परत भरत नाही. साधा वार केला की वरची थोडी शक्ती जमते, तिला ओव्हरचार्ज म्हणतात. मोठा वार करताना आधी ती खर्च होते, मग गाठीची माना. पण लढाई संपली की उरलेला ओव्हरचार्ज शून्य. जपून ठेवलेलं वायाही जातं.

२०२४ च्या दिवाळीनंतर सोयाबीनची पोती आमच्या समोरच्या खोलीत थप्पी लावून होती. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. ताईच्या नर्सिंगच्या फीची तारीख जवळ आलेली. बाबा रोज भाव विचारून यायचे आणि काही न बोलता जेवायला बसायचे.

एका रात्री ते माझ्या मोबाइलमध्ये डोकावले.

"मारून काहून नाही राह्यला त्याले?"

मी ओव्हरचार्ज समजावून सांगितला. बाबांनी अख्खी लढाई पाहिली, मधे दोनदा "आता मार" म्हणाले.

"तुहा राक्षस बरा हाय, थांबते तरी," म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी त्यांनी अर्धी पोती गाडीत टाकली. ताईची फी भरली. उरलेली उन्हाळ्यापर्यंत ठेवली, रोज भाव विचारत. तो काही चढला नाही.