संगणकांचा करारनामा

वाणिज्य शाखेत भारतीय करार कायदा, 1872 शिकताना कलम 13 भेटते : दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. मराठी-कन्नडच्या सीमेवर वाढलेल्या आम्हा मुलांना हे मुद्दाम शिकवावे लागत नाही.

संगणकांनाही हेच लागू पडते. उदगीरच्या व्यापाऱ्याने भालकीला माल विकला की बिलावरचा एक जीएसटी क्रमांक 27 ने, दुसरा 29 ने सुरू होतो. हे बिल एका संगणकाने दुसऱ्याकडे धाडायचे, तर कोणता आकडा कोणत्या रकान्यात, हे आधी लेखी ठरलेले हवे. असे करार मांडणारे खुले, मोफत साधन म्हणजे ‘स्वॅगर’. ते जन्मले वर्डनिक या इंग्रजी शब्दकोशाच्या घरी. 2015 मध्ये त्याची नियमावली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली. पुढे ती ‘ओपनएपीआय’ या नावाने रूढ झाली. यात करार वाचता वाचताच नमुना पाठवून उत्तरही पाहता येते.

प्रत्येक रकान्यापुढे खुलाशाची जागा असते. तेथे मराठी लिहा, कन्नड लिहा, यंत्राची हरकत नसते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला आणि दुकानातल्या मुनीमजींना कळेल असा खुलासा तेथे लिहिणे, हे काम दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.