शार्कचा दात कुठला?

कच्छमध्ये पोस्टिंग असली की रविवार मांडवीच्या किनाऱ्यावर जातो. दाबेली, उंटाची फेरी, मुलांचे शंखशिंपल्यांनी भरलेले डबे. पण पश्चिम कच्छमध्ये, नारायण सरोवराच्या वाटेवर आणखी एक समुद्र आहे. तो सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा. पाणी कधीच हटलं. गाळाचे थर मात्र कोरड्या नद्यांच्या काठांवर उघडे पडलेत. पाऊस होऊन गेला की त्यातून सुटलेले शार्कचे दात वाळूत सापडतात.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. दात टिकतात. एकेक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. गाळातली खनिजं शोषून ते काळे-तपकिरी होतात. म्हणून रंगावरून वय सांगू नये, रंग त्या गाळाचा असतो. युरोपात लोक या दातांना दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ मध्ये फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनोने एका मोठ्या शार्कचं डोकं तपासलं आणि ते दातच आहेत हे ओळखलं.

ओळखायची रीत सोपी आहे. वरचा भाग चकचकीत आणि मूळ खरखरीत, निस्तेज असेल तर दात; सगळीकडे एकसारखं असेल तर बहुतेक शिंपल्याचा तुकडा. मग भिंगातून कडा बघायच्या. आमच्या मुलीला अंगठ्याच्या नखाएवढा दात मिळाला, तेव्हा धाकट्याने लगेच ‘मेगालोडॉन!’ जाहीर केलं. तिने भिंग लावलं. मागच्या कडेला मोठे, ठळक दाते, पुढच्या कडेला बारीक, टोक मात्र गुळगुळीत. तो हेमिप्रिस्टिस निघाला. या प्रजातीतली एक जाती आजही हिंदी महासागरात पोहते.

पुढे एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दात दाखवला. त्यांनी नाव विचारलंच नाही. ‘कुठे मिळाला? कुठल्या थराखाली?’ मुलीने वही उघडली. तारीख, फोनवरचं जीपीएस, काठाचं रेखाचित्र. सर खूश झाले. जागा माहीत नसलेला दात शोभेचा, म्हणाले. जागा माहीत असलेला दात म्हणजे पुरावा.

मला एनडीएतले मॅप रीडिंगचे उस्ताद आठवले. आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगा, मग समोर काय दिसतं ते.

परतताना मुलगी गप्प होती. बारावीपर्यंत तिच्या सात शाळा झाल्या. ‘तू कुठली?’ या प्रश्नावर ती नेहमी अडखळते. साताऱ्याचं आमचं गाव तिने सुट्टीपुरतंच पाहिलंय. त्या रात्री तिने वहीच्या शेवटच्या पानावर सातही स्टेशनांची नावं तारखांसह लिहिली. मी काही बोललो नाही.

तुमच्यापैकी कुणी भुजला आलात तर मुलांना जरूर घेऊन जा. खणू नका, सुटं पडलेलं तेवढंच बघा. पाणी जास्त ठेवा. आणि दात उचलायच्या आधी जागा लिहून घ्या.