मोर्तब

आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणवर्गांसाठी सादरीकरणे तयार करण्याचे काम मी गेली कित्येक वर्षे करीत आले आहे, आणि हातून बाहेर पडणारी स्लाइड देखणी दिसेल की नाही यापेक्षा माझ्या माघारी तिच्यातला मजकूर जसाच्या तसा राहील की नाही, याचीच चिंता मला अधिक वाटत आली आहे.

तिला कारणही तसेच घडले. एका परक्या तालुक्यातल्या वर्गात मी मागील बाकावर बसले असता पडद्यावर माझेच सादरीकरण आले. चित्रे माझी, तळाशी नावही माझेच, परंतु क्षारसंजीवनीची पुडी 'एक लिटर पाण्यात' विरघळवावी असे जेथे मी लिहिले होते, तेथे 'दोन पेले पाण्यात' असे शब्द येऊन बसले होते. बदलणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, याविषयी मला आजही शंका नाही. घरात लिटरचे माप नसते, पेला असतो, एवढेच त्याच्या मनात आले असावे. पण पाणी निम्म्याहून कमी झाले की द्रावणातल्या मिठाची तीव्रता दुपटीवर जाते, आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या तान्ह्या मुलाच्या रक्तात सोडियम वाढून त्याला झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

तेव्हापासून मी बंदोबस्ताचे सारे उपाय पारखून पाहिले. पॉवरपॉइंटमधले 'मार्क ॲज फायनल' ही केवळ विनंती आहे. 'एडिट एनीवे' या बटणाने ती कोणीही दूर सारू शकतो. बदलासाठी लावलेला पासवर्ड सामान्य माणसाला थोपवतो खरा, पण २००७ पासूनची ही फाइल म्हणजे झिप करून बांधलेले एक्सएमएलचे गाठोडे असल्यामुळे जाणकाराला त्यातली ती एक नोंद काढून टाकता येते. उघडण्याचाच पासवर्ड लावला तर मजकूर खरोखर कूटबद्ध होतो. मात्र तो विसरला गेला की आडगावच्या केंद्रात ऐन वर्गाच्या वेळी फाइल कोणालाच उघडत नाही.

डिजिटल स्वाक्षरी मला या सर्वांहून जवळची वाटते. ती कोणाचा हात धरीत नाही, पण एक अक्षर बदलले तरी ती अवैध ठरते. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' असा मोर्तबाचा शिक्का उठवीत, तो मजकूर येथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये, एवढ्याचसाठी. कागदाला कुलूप नव्हते, परंतु लिहिणाऱ्याची जबाबदारी कोठवर, हे वाचणाऱ्याला उमगत असे.

तरीही सबंध सादरीकरण मी आता मोहोरबंद करीत नाही. मेळघाटातल्या सेविकेला तेच कोरकूत सांगावयाचे असते, आणि तिच्या भाषेला माझ्या फाइलमध्ये मज्जाव असावा, हे मला मान्य नाही. म्हणून शब्द मी मोकळे ठेवते आणि मापे तेवढी चित्ररूपाने गोठवते: झिंकची मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, आणि ती १४ दिवस. पेल्याचा प्रश्न मात्र त्या अनाम माणसाने रास्तच उपस्थित केला होता. त्या स्लाइडवर आता पुडीशेजारी बाजारात मिळणाऱ्या एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचे छायाचित्र आहे, पाणी काठोकाठ भरलेले, आणि खालची ओळ कोरकूसाठी रिकामी ठेवलेली.