अंदाज आणि काटा

ऊस शेतात उभा असतानाच शेतकरी एकरी किती टन पडेल ते सांगतो. पण खरं काय ते काट्यावरच कळतं. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे!

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट ऊस वजनाच्या पावतीचा. ग्रुपमध्ये चौघं, दोघं बारामतीचे, दोघं इंदापूरहून एस.टी.ने अप-डाऊन करणारे. अमेरिकेत युटा राज्यात २००१ साली १७ जणांनी अजाइल जाहीरनामा मांडला. पुढच्याच वर्षी जेम्स ग्रेनिंग यांनी 'प्लॅनिंग पोकर' सुचवला : कामाचा आकार प्रत्येकाने पत्त्यावर लिहायचा आणि सगळे पत्ते एकदम उघडायचे.

आम्हीही खेळलो. 'भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करणे' या कामाला एकाचा पत्ता २, तर इंदापूरच्या मैत्रिणीचा १३! ती म्हणाली, "वजाबाकी एका ओळीची रे. पण ट्रॅक्टरला ट्रॉल्या दोन. एकीचं रिकामं वजन दुसरीला लागलं तर? पैसे शेतकऱ्याचे जाणार. हे तपासायला वेळ नको?"

बराच वाद झाला, ८ वर एकमत झालं. आधी टेस्ट लिहिल्या, मग कोड. दर शुक्रवारी टेस्टसकट पुरं झालेलं कामच मोजलं आणि पुढच्या आठवड्याला तेवढंच अंगावर घेतलं. इंदापूरकरांची शेवटची एस.टी. एकदाही चुकली नाही.

अंदाज म्हणजे दिलेला शब्द नव्हे. तो दर आठवड्याला सुधारायचा असतो. आणि टेस्टिंग धरलं नसेल, तर तो अंदाजच नव्हे!